हरिश्चंद्रगडावर वळवाचे ढग: तोंड कोकणाकडे, वादळ पाठीमागे

आधी निकाल सांगतो. गर्जनमेघ बघायला हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा ही चुकीची जागा आहे. इंद्रवज्रासाठी, म्हणजे ढगावर उमटणाऱ्या गोल इंद्रधनुष्यासाठी जा, सूर्यास्तासाठी जा, पण मे महिन्यात दुपारनंतर 'वादळ बघायला' म्हणून कड्यावर बसू नका. आम्ही बसलो होतो.

तिघे होतो, मेचा तिसरा आठवडा. पायथ्याच्या पाचनई गावाची वाट सोपी. दोन-अडीच तास आणि माणशी तीन लिटर पाणी, याहून तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचं आहे ते आम्ही घेतलेल्या पॅकेजबद्दल. 'ढग-निरीक्षण कॅम्प, तज्ज्ञ मार्गदर्शकासह', माणशी 1,800 रुपये. तज्ज्ञ म्हणजे विशीतला एक हसरा मुलगा. बोट दाखवाल त्या ढगाला तो 'क्युम्युलस', म्हणजे कापसाच्या ढिगासारखा ढग, म्हणायचा. 'संध्याकाळी नक्की इंद्रवज्र दिसेल' असंही त्याने छातीठोक सांगितलं, तिथेच मला शंका यायला हवी होती. इंद्रवज्र सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला दिसतं. सूर्य पाठीशी, ढग समोर किंवा पायाखाली, आणि रंगीत वर्तुळाच्या मधोमध आपली सावली. कोकणकड्याचं तोंड पश्चिमेला आहे, म्हणजे संध्याकाळी सूर्य थेट डोळ्यांत. तिथे इंद्रवज्र दिसणार ते सकाळीच. ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्सने या गडावरच्या गोल इंद्रधनुष्याची नोंद 1835 साली छापली, तेव्हापासून लोक ते बघायला येतात, आणि अजून संध्याकाळची पॅकेजं विकली जातात! परतताना गावात सहज विचारलं, तर तंबू आणि जेवण धरून निम्म्या पैशात काम झालं असतं. थेट गावातच ठरवा.

वर पोचलो तेव्हा तीन वाजले होते. कोकणात धुरकट ऊन, आकाश जवळजवळ कोरं. सरबताच्या झोपडीतले मामा म्हणाले, "पाव्हणं, वारा पडलाय. आज तिकडं नगा बसू." आम्ही हसून 'बरं' म्हणालो आणि तिकडेच जाऊन बसलो.

वारा पडणं म्हणजे काय, ते तिथे बसल्यावर कळलं. एरवी कड्यावर दरीतून वर येणारा वारा इतका असतो की टाकलेली हलकी वस्तू परत येते. त्या दिवशी गवताचं पातं हलत नव्हतं. आम्ही तिवई लावून कोकणाकडे कॅमेरा रोखून बसलो, आणि सगळा खेळ पाठीमागे चालला होता. मेमध्ये समुद्रावरचा दमट वारा घाट चढून वर येतो, देशावरच्या तापलेल्या हवेशी त्याची गाठ पडते, आणि ढगांचे मनोरे बहुतेक वेळा घाटमाथ्याच्या पूर्वेला उभे राहतात. कड्यावर बसलेल्या माणसाच्या मागे तारामती शिखराची धार आडवी येते. म्हणजे जे बघायला आलात तेच दिसत नाही.

पहिला गडगडाट ऐकला तेव्हा सव्वापाच झाले होते. मागे वळलो तर धारेवरून एक काळा-निळा कठडा पुढे सरकत येत होता, आडवा, थरांचा, खालच्या कडेला चिंध्या लोंबत असलेला. आमच्यातला एक ओरडला, "फनेल!" म्हणजे टोर्नेडोची सोंड. फनेल नव्हतं. तो शेल्फ क्लाउड. पावसासोबत खाली कोसळलेली थंड हवा जमिनीवरून पसरते, समोरच्या गरम हवेला उचलते, तिथे हा बनतो. खालच्या चिंध्या गोल फिरत नसतील तर घाबरू नका. निदान टोर्नेडो म्हणून तरी घाबरू नका. दुसऱ्या गोष्टीला मात्र घाबरा. ती मला कोणीच सांगितली नव्हती.

कड्यावर नेहमीचा वारा आपल्याला आत ढकलतो. शेल्फ क्लाउडखालचा वारा उलटा, पाठीवरून येतो आणि दरीकडे ढकलतो. तो आला तेव्हा आम्ही कड्यापासून जेमतेम दहा पावलांवर होतो. आधी एकदम गार झालं, ओल्या मातीचा वास आला, आणि मग धक्का. आमची चटई उडाली, कड्यापलीकडे गेली आणि परत आली नाही. आम्ही पालथे पडलो आणि सरपटत आत आलो. पोटावर झोपून दरीत डोकावायची तिथे पद्धतच आहे. त्या वेळी कोणी डोकावत असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी अजून रात्री करतो.

विजा मोजत होतो. लखलखाट ते आवाज, तीन सेकंदांना एक किलोमीटर. आधी एकवीस, मग चौदा. खरं तर तीस सेकंदांच्या आत आवाज आला की उठायचं असतं. आम्ही 'अजून एक फोटो' करत राहिलो. मग तिवईतून आवाज यायला लागला. बारीक गुणगुण, डबीत माशी अडकावी तशी. मी हात पुढे केला तर मनगटावरचे केस उभे. ही शेवटची सूचना असते. तिवई तशीच टाकून पळालो. पुढची वीज कुठे पडली माहीत नाही, पण मधे मोजायला वेळच नव्हता.

कडा ते गडावरचं हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर एरवी वीस-पंचवीस मिनिटं. आम्हाला पाऊण तास लागला. उघडा कातळ, बोराएवढ्या गारा, वर आडोसा म्हणून काही नाही. या टप्प्यासाठी सांगतो: एकमेकांपासून पंधरा-वीस पावलं अंतर ठेवून चाला. झाडाखाली थांबू नका. आडवे झोपू नका. गुहेच्या तोंडाशी उभे राहू नका, ओल्या कातळावरून वीज आत येते. पायवाटेवरच्या लोखंडी रेलिंगला हात लावू नका. मंदिराचा आडोसा सुरक्षित नाही, फक्त कमी वाईट आहे. मोकळ्या पठारावरचा तंबू म्हणजे तर काहीच नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेचं विजांची सूचना देणारं 'दामिनी' ॲप चांगलं आहे, पण आमच्या फोनला वर रेंज नव्हती. गावातून निघतानाच बघा, आणि दुपारी दोनच्या आत वर पोचून चारच्या आत कडा सोडा.

ढगाचा आकारही गडावरून कळत नाही, हे वेगळंच. आपण जवळजवळ त्याच्या तळाशी उभे असतो, हत्तीच्या पोटाखाली उभं राहून हत्ती बघावा तसं. गर्जनमेघ पंधरा किलोमीटर उंच जाऊ शकतो. तो पन्नास किलोमीटर लांबून बघा, हात ताणून धरलेल्या दीड-पावणेदोन मुठींएवढा उंच दिसेल. वरची सपाट ऐरण, तिच्या आधी डोक्यावर चढणारी पातळ टोपी, सगळं नीट दिसतं. देशावर एखाद्या मोकळ्या रस्त्यालगत गाडी उभी करा, काचा वर करून आत बसा. पत्र्याचं छत असलेली गाडी गडावरच्या कोणत्याही आडोशापेक्षा बरी.

पाऊस थांबल्यावर मंदिरापाशी ऐरणीखाली मॅमॅटस नावाचे ढग दिसले. केशरी, पिशव्या लोंबाव्यात तसे. पाच मिनिटं टिकले. अप्रतिम होते. कॅमेरा कड्यावर होता.

सकाळी हवा छान होती, एवढंच आठवतं. आम्ही साडेआठपर्यंत मेल्यासारखे झोपलो होतो. तिवई आणायला गेलो तर शेजारच्या तंबूतली कॉलेजची पोरं परतत होती. सात वाजता दरीत ढग भरले होते म्हणे. एकाने मोबाइल पुढे केला. पांढऱ्या ढगावर रंगीत कडं, बाहेरून लाल, आणि मधोमध हात हलवणारी लांबुडकी सावली.

तिवई आडवी पडलेली होती, एक पाय वाकलेला. कॅमेऱ्यात पाणी.

सप्टेंबरात परत जाणार आहे. पहाटे, पाचनईनेच, पॅकेजशिवाय.