तुम्ही विचारलंत म्हणून: मायक्रोवेव्ह कुठला घेऊ?

“मायक्रोवेव्ह कुठला घेऊ?” असं विचारणाऱ्याला बहुधा कंपनीचं नाव ऐकायचं असतं. ते मी सांगत नाही. मी उलट विचारतो: ठेवणार कुठे, आणि तिथे विजेचा पॉइंट किती अँपिअरचा आहे? ठाण्यात गोखले रोडवर किंवा वाशीच्या सेक्टर १७मध्ये दुकानात शिरण्याआधी ही दोन उत्तरं चिठ्ठीवर लिहून न्या. अर्धी निवड तिथेच होते.

आधी जागा. २० लिटरचा सोलो (नुसता गरम करणारा, साधा) साधारण ३३ ते ३६ सेंटिमीटर खोल असतो, वजन १०-११ किलो. २८ लिटरचा कन्व्हेक्शन (ओव्हनसारखा केकही भाजणारा) ४७ ते ५० सेंटिमीटर, वजन १७-१८ किलोंच्या आसपास. त्यात मागे हवा खेळायला १० सेंटिमीटर मिळवा. म्हणजे सोलोलाही दीड फूट लागतो आणि कन्व्हेक्शन जवळजवळ अख्ख्या ओट्याची खोली खातो, कारण आपला ओटा दोनच फुटांचा. सिडकोच्या जुन्या घरांत ओट्याच्या वर १२-१५ इंची कडप्प्याची फळी असते, तिच्यावर यातलं काहीच नीट बसत नाही. लोक बसवतात खरं. पुढचे पाय फळीच्या अगदी कडेला आणि पाठ भिंतीला चिकटलेली. वरच्या बाजूला २० सेंटिमीटर मोकळं हवं, बाजूंना ५ ते १०. नक्की आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो, मॅन्युअलच्या सुरुवातीलाच दिलेला असतो.

घोडबंदर रोडकडच्या नव्या फ्लॅटमध्ये अडचण वेगळी. तिथे मॉड्युलर किचनवाला मायक्रोवेव्हच्या मापाचा कप्पा करून देतो, अंगाबरोबर शिवलेल्या ब्लाउजसारखा. दिसतो सुंदर. पण बाहेर टाकलेली गरम हवा त्याच कप्प्यात फिरून परत आत जाते, थर्मल कटआउट (फार तापल्यावर वीज तोडणारा खटका) पडतो आणि यंत्र मध्येच बंद होतं. अर्ध्या तासाने थंड झालं की आपोआप सुरू. मेकॅनिक येतो तेव्हा सगळं ठीकच असतं. उपाय सुताराकडे आहे: पाठीचा प्लाय कापून टाकायचा, कप्पा वर आणि बाजूंना आधी सांगितलेल्या मापाने मोठा ठेवायचा, आणि सॉकेट बरोबर मागे न घेता शेजारच्या कपाटात घ्यायचं. मोठ्या पिनचा प्लग भिंतीपासून पाचेक सेंटिमीटर पुढे येतो, तो मागे असला की यंत्र तेवढं पुढे ढकललं जातं. वायरसाठी भोक पाडताना प्लग आरपार जाईल एवढं पाडा. सुतार हमखास वायरीच्या जाडीचं पाडतात.

ड्राय बाल्कनी मोकळी दिसते म्हणून तिथे ठेवायचा मोह होतो. नको. खाडीची खारी दमट हवा आणि पावसाचे तुषार यांनी पत्रा आतून गंजतो आणि बटणांचं पॅनल बिघडतं. फ्रिजच्या डोक्यावरही नको: गरम आमटीचा बाऊल डोळ्यांच्या उंचीवरून उतरवणं म्हणजे भाजून घेण्याची तयारी. यंत्राचा तळ ओट्याच्या ते कोपराच्या उंचीत असावा. आणि दार पाहा. बाजूने उघडणाऱ्या दाराच्या बिजागऱ्या डाव्या हाताला असतात, म्हणून गरम भांडं टेकवायला उजवीकडे वीतभर तरी ओटा मोकळा हवा. गॅसच्या शेगडीला लागून ठेवला तर फोडणीचं तेल यंत्राच्या हवेच्या जाळ्यांत बसतं आणि त्या वासाने झुरळं येतात. कंट्रोल पॅनलच्या आत उबेला झुरळांनी बिऱ्हाड केलं की सर्किट शॉर्ट होतं, ही तक्रार वाटते त्याहून फार जास्त असते.

आता वीज. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ८०० वॅट लिहिलेलं असतं ते अन्नाला मिळणारं आउटपुट. भिंतीतून ओढले जातात १,२०० च्या आसपास. कन्व्हेक्शन चालू असताना २,००० च्या पुढे. छोट्या पिनचं ६ अँपिअरचं सॉकेट २३० व्होल्टला जेमतेम १,३८० वॅट झेपवतं, म्हणून १६ अँपिअरचा पॉवर पॉइंटच वापरा. त्याला एमसीबीपासून (जास्त वीज ओढली की पडणाऱ्या खटक्यापासून) स्वतंत्र आलेली २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर हवी. बिल्डरने ओट्यावर मोठे पॉइंट दोन-तीन दिलेले दिसतात, पण ते अनेकदा एकाच वायरीवर असतात. एकेक एमसीबी खाली पाडून काय काय बंद होतं ते बघा, पाच मिनिटांत कळतं. मोठी पिन छोट्या सॉकेटात घालायचे अडॅप्टर मिळतात, ते घरात आणूच नका. पाच मिनिटं चालवल्यावर प्लग कोमटच्या वर तापला किंवा पिन तपकिरी पडली, तर सॉकेट ढिलं आहे.

अर्थिंगवर जरा जास्त बोलतो. बहुतेक ट्रान्सफॉर्मरवाल्या मायक्रोवेव्हमध्ये हाय व्होल्टेजचं एक टोक थेट बॉडीला जोडलेलं असतं, म्हणून अर्थिंग नसेल तर बॉडीला शॉक बसू शकतो. नौपाड्यातल्या जुन्या इमारतींत कधी सॉकेटला तिसरं भोक असतं पण त्यामागे वायरच नसते. इलेक्ट्रिशियनला मल्टिमीटर लावायला सांगा: फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ हे दोन आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर नको. हे झाल्याशिवाय यंत्र लावू नका.

प्रकाराबद्दल माझं मत सरळ आहे. रोज भात-आमटी गरम करायची, दूध, पापड, कधी बटाटे उकडायचे, तर २० ते २३ लिटरचा सोलो पुरतो. ग्रिलवाला मधला प्रकार घेऊच नये. भाजायची ती कॉइल वर्षातून दोनदा वापरली जाते. केक, नानकटाई खरंच होणार असेल तरच कन्व्हेक्शन. घेताना घरातला सगळ्यात मोठा काचेचा बाऊल मनात ठेवा. काचेची फिरती थाळी सोलोत साधारण २५ सेंटिमीटरची असते, कन्व्हेक्शनमध्ये ३१-३२ ची. चौकोनी डबा असेल तर त्याचा कर्ण मोजा, बाजू नाही. कोपरा भिंतीला अडला की थाळी थांबते आणि एकीकडे उकळतं, एकीकडे गारच. मागच्या पट्टीवर आर-ने सुरू होणारा बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नोंदणी क्रमांक आहे ना, तेही पाहून घ्या.

आपल्या घरांत भांडी स्टीलची, त्यामुळे झाकणासह तीन-चार काचेचे बाऊल खर्चात धरा. सोनेरी काठाची बशी ठिणग्या उडवते. मेलामाइन चालत नाही. प्लॅस्टिकवर ‘मायक्रोवेव्ह सेफ’ लिहिलेलं हवं. एखाद्या बशीबद्दल शंका असेल तर रिकामी बशी आणि पाण्याने भरलेला काचेचा ग्लास शेजारी शेजारी ठेवून एक मिनिट चालवा. बशी तापली आणि पाणी गारच, तर ती बाद.

यंत्र घरी आल्यावर आतल्या उजव्या भिंतीवरचा पातळ, पुठ्ठ्यासारखा चौकोन पॅकिंग समजून काढू नका. ती मायका शीट. तिच्यामागून लहरी आत येतात. आमटीचे शिंतोडे उडून ती जळली की तिथेच ठिणग्या दिसायला लागतात आणि लोकांना वाटतं लहरी तयार करणारा मॅग्नेट्रॉनच गेला. शीट स्वस्त असते आणि कात्रीने कापून बसते. शिंतोडे उडू नयेत म्हणून झाकण ठेवा, पण किंचित तिरकं.

पहिल्या आठवड्यातच एक चाचणी करून घ्या. काचेच्या भांड्यात बरोबर एक लिटर नळाचं पाणी, थर्मामीटरने तापमान पाहा, पूर्ण पॉवरवर दोन मिनिटं, मग चमच्याने ढवळून पुन्हा पाहा. फरकाला ३५ ने गुणलं की वॅट मिळतात. ८०० च्या यंत्रात पाणी सुमारे २३ अंशांनी चढायला हवं. काच थोडी उष्णता खाते, म्हणून २० आले तरी चालतं. १५ च आले तर आधी सॉकेटचं व्होल्टेज मोजा. उन्हाळ्यात रात्री इमारतीतले सगळे एसी लागले की ते घसरतं आणि यंत्रही मंदावतं. व्होल्टेज ठीक असूनही आकडा तेवढाच येत असेल तर दुकानाच्या बदलून देण्याच्या मुदतीतच फोन करा. पत्रा उघडून बघायला मात्र कुणाला देऊ नका. आतल्या कपॅसिटरमध्ये दोन हजार व्होल्टच्या घरातला चार्ज असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ राहतो.