तुम्ही विचारलंत म्हणून : लेकीला एमएसडब्ल्यूला घालावं का?

लेकीला एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, करू द्यावी का, हा प्रश्न मला लग्नात विचारतात, दवाखान्याच्या रांगेत विचारतात, एसटी स्टँडवर विचारतात. विचारणारे बहुतेकदा वडील असतात. "ताई, पोरगी बीए झाली. एमएसडब्ल्यू करती म्हणायली. करू द्यावं का? पुढं काही आहे का त्यात?" पोरगी शेजारीच उभी असते आणि मी काय म्हणते याच्याकडं तिचे कान असतात. म्हणून उत्तर देताना मी तिच्याकडं बघूनच बोलते.

उभ्या उभ्या एवढंच सांगता येतं, की घाला, जरूर घाला. त्या उत्तराला एक पुरवणी आहे. ती स्टँडवर सांगून होत नाही, म्हणून इथं लिहिते.

नोकरीचं आधी सांगते. नोकऱ्या आहेत. जिल्हा बाल संरक्षण कक्ष, बालगृहं, अत्याचार झालेल्या बायकांसाठीचं सखी वन स्टॉप सेंटर, सरकारी दवाखान्यातले समाजसेवा अधीक्षक, एचआयव्हीवर उपचार करणाऱ्या एआरटी केंद्रातले समुपदेशक, शिवाय संस्था. यातल्या पुष्कळ जागा कंत्राटी असतात. अकरा महिन्यांचा करार, मग एक दिवसाचा खंड, मग पुन्हा करार. मानधन उशिरा येतं. हे सगळं लेकीला आणि तिच्या बापाला आधीच माहीत असलेलं बरं. मात्र मी ज्या पोरींना हे काम सोडताना पाहिलं, त्यातल्या बऱ्याच जणी पैशासाठी सोडून गेल्या नाहीत. कमी पैशात निभावून नेणारी पोर मराठवाड्यात मुलखावेगळी नाही. त्या गेल्या, कारण त्यांच्या पाठीशी कुणी नव्हतं.

म्हणजे काय, ते सांगते. बीड जिल्ह्यातल्या धारूरच्या डोंगरपट्ट्यातलं एखादं गाव डोळ्यापुढं आणा. दिवाळीच्या आधीचे दिवस, ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्याला निघायच्या बेतात. मुलांच्या मदतीसाठीच्या १०९८ या नंबरवर कुणीतरी कळवतं, की नववीतल्या मुलीचं लग्न आहे, उद्या हळद लागणार. बाल संरक्षण कक्षाची कार्यकर्ती पोलिसांना कळवते, ग्रामसेवकाला गाठते, कारण गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तोच. शाळेतून निर्गम उतारा काढून घेते. आधारवरच्या तारखेवर वय ठरवता येत नाही, हे तिला पाठ असतं. दारात मांडव पडलेला असतो. बाप हात जोडतो, चुलता अंगावर येतो, गावातला पुढारी सारखा फोन लावत राहतो. अंधार पडेपर्यंत जबाब होतात, आईबापाकडून हमीपत्र लिहून घेतात, मुलीला बालकल्याण समितीपुढं कधी आणायचं ते ठरतं. लग्न थांबतं. आणि कार्यकर्ती गाडीत बसत असताना आई विचारते, "लगीन थांबिवलंत, बरं केलंत. आता आम्ही कारखान्याला गेल्यावर हिला कुणापाशी ठिवावं, ते बी सांगून जा."

या प्रश्नाचं उत्तर कायद्याच्या कुठल्याच कलमात नाही. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि मुकादमाकडून उचल मिळते ती कोयत्यावर. वयात आलेली मुलगी कोपीवर, म्हणजे तोडीवरच्या झोपडीत, न्यायची म्हटलं तरी आईच्या जिवाला घोर, गावात एकटी ठेवायची म्हटलं तरी घोर. लग्न लावून दिलं की तो घोर संपतो आणि एक कोयता वाढतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, २० ते २४ वर्षांच्या बायकांना लग्न कितव्या वर्षी झालं ते विचारलं होतं. अठराच्या आत लग्न झालेल्या परभणीत ४८ टक्के निघाल्या, बीडमध्ये जवळपास ४४ टक्के. राज्याचा आकडा २२ टक्क्यांच्या आसपास आहे. हा आकडा ज्या घरांतून येतो, त्या घरांच्या उंबऱ्यावर आपण एका पंचवीस वर्षांच्या पोरीला उभं करतो.

अशाच एका रात्री एका कार्यकर्तीनं तिच्या वरिष्ठ बाईंना फोन केला, तेव्हा मी बाईंच्या शेजारी बसले होते. पोरगी रडवेली झाली होती. लग्न थांबलं होतं, कागद पुरे होते, पण आईचा प्रश्न तिच्या डोक्यातून जात नव्हता. बाईंनी अहवालाचं काही विचारलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्या मुलीशी तू एकटी बोललीस का?" पलीकडून आवाजच येईना. आईशी बोलणं झालं होतं, बापाशी झालं होतं, चुलता, ग्रामसेवक, पोलीस पाटील, सगळ्यांशी झालं होतं. मुलगी तेवढा वेळ चुलीपुढं भाकरी थापत होती. बाई म्हणाल्या, "उद्या सकाळी जा. गाडी नको, पोलीस नको, वही पण काढू नको. तिच्यासंगं पाण्याला जा."

दुसऱ्या दिवशी हापशावर कळलं, की मुलीची मावशी केजला असते आणि ठेवून घ्यायला कधीची तयार आहे. पण मावशीचा आणि मुलीच्या बापाचा अबोला होता, म्हणून घरात तिचं नाव कुणी काढत नव्हतं. पुढं त्या कार्यकर्तीनं सगळं सोडून आधी तो अबोला मोडला. मुलगी मावशीकडं राहिली आणि केजच्या शाळेत जाऊ लागली.

बाईंनी फोनवर विचारला तो प्रश्न कुठल्याही शासन निर्णयात सापडणार नाही. त्यांनाही तो कधीतरी कुणीतरी विचारलेला होता.

आता गंमत बघा, एमएसडब्ल्यू करताना मुलींना हे सगळं मिळतं. आठवड्यातून दोन दिवस क्षेत्रकार्य असतं, त्याचं जर्नल लिहावं लागतं, आणि दर आठवड्याला प्राध्यापक एकेकीला समोर बसवून विचारतात: काय पाहिलंस, तुला काय वाटलं, असं का केलंस. मुली त्याला आयसी म्हणतात, म्हणजे इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स. शिकताना बसस्टँडवरच्या मुलांचं सर्वेक्षण करत असली तरी तिला आठवड्याला एक तास हक्काचा असतो. नोकरीला लागली, अत्याचाराच्या केस हातात आल्या, की तो तास बंद. मग तिला विचारतात ते एवढंच: माहिती पाठवली का, फोटो टाकले का, प्रपत्र भरलं का. ओझं सगळ्यात जड असतं नेमकं तेव्हाच तिला कुणी विचारत नाही, हे मला वर्षानुवर्षं खुपत आलंय.

हे टाळता येतं, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा मी विद्यार्थिनी होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून सुमारे ८ हजार माणसं गेली. आम्ही पोरंपोरी यादी आणि पेन घेऊन पत्र्यांच्या शेडमध्ये फिरायचो. आमच्यावर एक सर होते. संध्याकाळी ते सगळ्यांना गोल बसवायचे आणि कुणी किती फॉर्म भरले हे मोजायच्या आधी विचारायचे, "आज कोण काय बोललं?" कुणी सांगायचं, एक म्हातारी नुसती नवऱ्याच्या चष्म्याबद्दल बोलत होती. सर म्हणायचे, उद्या तिच्याकडं फॉर्म न घेता जा. पुढं पुनर्वसनात, घरदुरुस्तीच्या कामात, स्वयंशिक्षण प्रयोग या संस्थेच्या प्रेमा गोपालन यांनी गावातल्याच महिला मंडळांच्या बायकांना संवाद सहायक म्हणून उभं केलं. घरातून बाहेर न पडलेल्या बायका इंजिनिअरशी बोलायला लागल्या, सिमेंट किती, लोखंड किती, ते विचारायला लागल्या. त्यांच्यामागं सतत ये-जा करणारी, त्यांच्यासोबत बसणारी जाणती माणसं होती.

जामखेड तर आमच्या वेशीवर. जिल्हा नगरचा, म्हणजे आताचा अहिल्यानगर, पण बाजार, सोयरीक सगळी बीडशी. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथं काम सुरू केलं आणि गावातल्या बायकांना आरोग्य कार्यकर्त्या केलं. त्यातल्या कित्येक जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं, कित्येक जणी गावकुसाबाहेरच्या होत्या. लोक जामखेडचं कौतुक करतात ते बालमृत्यू कमी झाले म्हणून, आणि ते खरंच आहे. मला मात्र तिथली आठवड्याची बैठक जास्त महत्त्वाची वाटते. या बायका दर आठवड्याला जामखेडला यायच्या, मुक्कामाला राहायच्या. कुणाच्या गावात काय झालं, कुठं अडलं, कुठं लोक हसले, हे एकमेकींना आणि डॉक्टरांना सांगायच्या. एकदाच प्रशिक्षण देऊन, प्रमाणपत्र हातात ठेवून त्यांना मोकळं सोडलं असतं तर त्या गावात टिकल्या नसत्या.

हे दुखणं एकट्या बीडचं नाही. आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या देशांत एड्सनं लाखो मुलं पोरकी केली. त्यांच्यासाठी पैसा आला, योजना आल्या, आणि मग लक्षात आलं, की घरोघर जाणारी, शिकलेली, टिकून राहणारी माणसंच पुरेशी नाहीत. त्यावर बोलायला नोव्हेंबर २०१० मध्ये केपटाऊनला देशोदेशीची जाणती माणसं जमली: सरकारी अधिकारी, समाजकार्याचे प्राध्यापक, संस्थांमध्ये हयात घालवलेले लोक. त्यातून २०१३ मध्ये समाजसेवेच्या मनुष्यबळासाठी एक जागतिक आघाडी उभी राहिली, ग्लोबल सोशल सर्व्हिस वर्कफोर्स अलायन्स. या लोकांनी कामाचा जो आराखडा मांडला त्याचे तीन भाग आहेत. किती माणसं लागतील आणि कुठं, याचं नियोजन. ती माणसं शिकवून घडवणं. आणि कामाला लागल्यावर त्यांना आधार देणं, म्हणजे देखरेख, सल्ला, बढती, पगार, सुरक्षितता. २०१९ मध्ये युनिसेफनं बाल संरक्षणातल्या मनुष्यबळासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतही हाच धागा आहे.

लोक मला म्हणतात, केपटाऊनच्या बैठकीचा केजला काय उपयोग? उपयोग आहे. "पोरींना आठवड्याला एक तास द्या" हे मी एकटी म्हणते तेव्हा ते बाईमाणसाचं हळवेपण ठरतं. तीच गोष्ट जगभरच्या अनुभवी लोकांनी मनुष्यबळाच्या आराखड्यात लिहिली, की कलेक्टर कचेरीत ती टिपणीत घेता येते, अंदाजपत्रकात मागता येते. फिलिपिन्समध्ये १९६५ च्या कायद्यापासून समाजकार्य करणाऱ्याला परीक्षा देऊन नोंदणी करावी लागते. दक्षिण आफ्रिकेत या व्यवसायाची वैधानिक परिषद आहे. आपल्याकडं डॉक्टरला परिषद, वकिलाला परिषद, नर्सला परिषद. समाजकार्याच्या शिक्षणाची सुरुवात मात्र मुंबईत १९३६ मध्ये, पुढं टाटा सामाजिक विज्ञान संस्था झालेल्या शाळेनं केली, त्या संस्थेचं ग्रामीण संकुल तुळजापूरला आहे, आणि तरीही सगळ्या व्यवसायाला धरून असलेली अशी परिषद अजून नाही. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्यात दवाखान्यातले आणि मानसोपचारातले समाजकार्यकर्ते आले, बाकीचे बाहेरच राहिले.

आणि नियोजन म्हणाल तर बाल संरक्षण योजनेत एका जिल्ह्याच्या कक्षाला सामाजिक कार्यकर्ते दोन, क्षेत्रावर फिरणारे दोन, समुपदेशक एक. बीडला तालुके ११ आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २५ लाखांवर. आष्टीहून परळीला जायला किती वेळ लागतो ते एसटीनं जाणाऱ्याला विचारा.

माझ्या वयाच्या माणसांना मला एक सांगायचंय. आपल्याला कार्यक्रमांना बोलावतात, शाल-श्रीफळ देतात, समितीवर नाव घालतात. तिथं जायला हरकत नाही. पण त्याबरोबर आपल्या तालुक्यातल्या दोन तरुण कार्यकर्त्या धरा आणि आठवड्याचा एक वार त्यांना देऊन टाका. केसची नावगावं बाहेर जाणार नाहीत याची हमी द्या. सल्ला देण्याची घाई करू नका, आधी त्यांचं सगळं ऐका. त्यांच्या वरिष्ठांशी वाद असेल तर मधे पडू नका, पण रात्री साडेदहाला फोन आला तर उचला. आमच्याकडं हे काही जणींनी सुरू केलंय, महिन्याकाठी चहा आणि पोह्यांचा खर्च सोडला तर त्याला एक रुपया लागत नाही. कक्षाच्या अधिकाऱ्यांनी तो वेळ कामाच्या वेळेत धरला तर फारच चांगलं, कारण पोरी सुटीच्या दिवशी घरचं आवरून येतात आणि तेही काम त्यांच्याच गळ्यात असतं.

तर बापांनो, आणि आयांनोही: लेकीला घाला. कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारत, फी, वसतिगृह बघाच, पण तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलींना बाजूला घेऊन विचारा, की तुमची आयसी खरंच दर आठवड्याला होते का, का जर्नलवर नुसती सही होते. सही होत असेल तर दुसरं कॉलेज बघा. आणि लेक मुलाखतीला जाईल तेव्हा पगाराचं विचारून झाल्यावर तिनं आणखी दोन गोष्टी विचाराव्यात. गावात रात्र झाली तर मला घ्यायला गाडी कोण पाठवेल? आणि एखादी केस मला उलगडली नाही तर मी कुणापाशी बसून बोलायचं? समोरच्यानं एखाद्या माणसाचं नाव घेतलं तर तिनं ती नोकरी धरावी, मानधन हजार-दोन हजारानं कमी असलं तरी.