दादाच्या गोळ्या आणि टी-रेग

दादाच्या फोनवर सकाळी ९ आणि रात्री ९ ला टॅक्रोलिमसचा, म्हणजे बदललेली किडनी शरीराने नाकारू नये म्हणून घ्यायच्या गोळीचा अलार्म वाजतो. किडनी बदलून चार वर्षं झाली, एकही डोस चुकलेला नाही. रक्तातली औषधाची लेव्हल तपासायची असेल त्या दिवशी मात्र सकाळची गोळी रक्त दिल्यावरच घ्यायची, आधी घेतली तर रिपोर्टला अर्थच नाही, म्हणून डबी हातात धरून लॅबमध्ये बसलेला असतो. हात थरथरतात त्याचे. शर्टाचं वरचं बटण लावायला दोन-तीनदा झटापट, आणि मी पुढे झाले की चिडतो. ही थरथर त्या गोळीचीच. वर हेच औषध वर्षानुवर्षं घेतलं की किडनीलाही त्रास देऊ शकतं, म्हणजे जिच्यासाठी घ्यायचं तिलाच!

परवा म्हणाला, ते टी-रेगवाल्यांना नोबेल मिळालं ना, मग माझ्या गोळ्या कमी होणार का गं?

मिळालंय, २०२५ चं, ब्रंकॉव, रॅम्सडेल आणि साकागुची या तिघांना. टी-पेशी म्हणजे शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशी, आणि त्यांच्यात टी-रेग हा एक छोटा गट असतो जो बाकीच्यांना आवरतो, अरे थांबा, हा आपल्यातलाच आहे म्हणून. साकागुचींनी १९९५ मध्ये तो ओळखून दाखवला, बाकी दोघांनी या पेशींना लागणारा फॉक्सपी३ जीन शोधला, तो बिघडला की शरीर स्वतःवरच तुटून पडतं. आता डॉक्टरांची कल्पना अशी की पेशंटच्याच रक्तातून टी-रेग काढायच्या, लॅबमध्ये वाढवायच्या आणि परत शिरेतून सोडायच्या. वाचायला सोपं वाटतं, पण मुळात त्या रक्तात असतात थोड्या आणि वाढवताना चुकून हल्ला करणाऱ्या पेशी सोबत वाढल्या तर झालंच कल्याण.

वन स्टडी नावाची मोठी ट्रायल २०२० मध्ये छापून आली. किडनी बदललेल्या ३८ जणांना टी-रेगसारख्या, आवर घालणाऱ्या वेगवेगळ्या प्रकारच्या रेग्युलेटरी पेशी दिल्या, रिजेक्शन, म्हणजे शरीराने किडनी नाकारणं, नेहमीच्या उपचाराइतकंच राहिलं आणि १५ जण एकाच औषधावर आले. एकावर हां, शून्यावर नाही! हेडलाइन वाचून लोक नाचतात ते इथेच. आणि या पेशी दिल्या ऑपरेशनच्या आसपासच्या दिवसांत, दादासारख्या चार वर्षं झालेल्याला नाही.

मला सगळ्यात जास्त खटकलं ते वेगळंच. टी-रेगना जगायला आयएल-२ नावाचं, पेशींनीच बनवलेलं प्रथिन लागतं, आणि टॅक्रोलिमस नेमकं तेच तयार होऊ देत नाही. म्हणजे एका हाताने पेशी द्यायच्या आणि दुसऱ्या हाताने त्यांचा शिधा तोडायचा. सिरोलिमस नावाचं रिजेक्शनवरचं दुसरं औषध त्यांच्याशी बरं वागतं म्हणे, पण त्याचे स्वतःचे नखरे आहेत.

मग मी त्याला जपानमधल्या होक्काइडोचं सांगितलं, २०१६ चं. लिव्हर बदललेले १० जण, टी-रेगनी भरलेल्या पेशी दिल्या, सहा महिन्यांनी औषधं हळूहळू उतरवत नेली आणि ७ जणांची पूर्ण बंद झाली.

दादाने लगेच विचारलं, आणि उरलेले तिघं?

त्यांना आधीपासून लिव्हरचाच ऑटोइम्यून आजार होता, म्हणजे शरीर स्वतःच्याच लिव्हरवर तुटून पडणारा, औषध उतरवताना सौम्य रिजेक्शन दिसलं, गोळ्या परत सुरू केल्या. लिव्हर शाबूत राहिलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, लिव्हरवाल्यांचं बरंय, आणि डबी उघडून उद्याच्या गोळ्या भरायला घेतल्या.