सावंतवाडी: जत्रेच्या दिवसांत, मुलांना घेऊन

दोन वर्षांपूर्वी गोव्याला जाताना आम्ही सावंतवाडीत चहापुरते थांबलो होतो. मोती तलावाच्या काठावर मुलीने समोरच्या राजवाड्याकडे बोट दाखवून विचारलं, "इथे राहायचं का?" पुढच्या हॉटेलचं बुकिंग झालेलं होतं, त्यामुळे निघावं लागलं. तिचा तो प्रश्न मनात राहिला. म्हणून या वेळी गोवा वगळून तीन दिवस फक्त सावंतवाडीला द्यायचे ठरवले, आणि तेही त्रिपुरी पौर्णिमेला धरून. सोबत सासूबाई, नऊ वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा.

त्रिपुरी पौर्णिमेला धरून, कारण तळकोकणातल्या जत्रा कार्तिकात सुरू होतात आणि मग थंडीभर गावोगाव चालू राहतात. एरवी सावंतवाडी हे तलावाभोवती वसलेलं एक शांत, देखणं शहर. जत्रेच्या दिवसांत मात्र आसपासची गावं रात्रभर जागी असतात, आणि हा मुलुख मुलांना दाखवायचा तर त्या रात्रींसारखी दुसरी वेळ नाही.

मुंबईकडून जाणाऱ्यांसाठी आधी गाडीबद्दल सांगते. दादर-सावंतवाडी तुतारी एक्सप्रेस दादरहून रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी सुटते. म्हणजे गुरुवारी रात्री निघायचं असेल तर तिकीट शुक्रवारच्या तारखेचं काढायचं. आमच्या शेजारच्या कुटुंबाने नेमकी हीच चूक केली होती आणि मुलांना घेऊन त्यांना फलाटावरून घरी परतावं लागलं होतं. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. दिवाळीनंतरच्या आठवड्यात जायचं असेल तर पहिल्याच दिवशी काढून टाका. स्टेशनचं नाव सावंतवाडी रोड. ते शहरात नाही, मळगावला आहे. बाहेर रिक्षा मिळतात. आमच्या रिक्षावाल्या दादांनी दोन्ही मुलांकडे बघून न विचारता दिलेला सल्ला पुढे फार उपयोगी पडला: "दशावतार बघूचो आसा तर पोरांका दुपारी निजवा. अकराच्या आधी काय सुरू होवचो नाय." दशावतार म्हणजे इथल्या जत्रांत रात्रभर चालणारं लोकनाट्य.

पहिल्या दिवशी आम्ही शहराबाहेर गेलोच नाही. मोती तलाव १८७४ सालचा. त्याच्या काठाने सगळ्यांना जमेल अशा चालीने फेरी मारता येते, गुडघे दुखणाऱ्या आजीलासुद्धा. वाटेत जगन्नाथराव भोसले उद्यान लागतं. आझाद हिंद सेनेतले हे सेनानी याच मुलुखातले. मुलगा घसरगुंडीवर आणि मुलगी आजीकडून नेताजींची गोष्ट ऐकण्यात, असा तासभर तिथे गेला.

राजवाडा मात्र सावकाश बघायचा. जांभ्या दगडाची ही वास्तू तिसऱ्या खेमसावंतांच्या काळातली, आणि आमच्यासाठी तिथलं सगळ्यात मोठं आकर्षण म्हणजे गंजिफा. गोल पत्ते, हाताने रंगवलेले, वरून लाखेची चकाकी. दशावतारी गंजिफ्यात एकशेवीस पत्ते असतात: विष्णूचे दहा अवतार म्हणजे दहा रंग, आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा, असे बारा पत्ते. मुलीने हा हिशोब बोटांवर केला आणि मग खुणा ओळखायचा खेळच सुरू झाला. मासा दिसला की मत्स्य, कासव दिसलं की कूर्म, परशू म्हणजे परशुराम. तिघांनी खेळायचा हा डाव, प्रत्येकाला चाळीस पत्ते. एवढे गोल पत्ते हातात कसे धरायचे, हा तिचा प्रश्न अगदी रास्त होता.

ही कला एका टप्प्यावर जवळजवळ संपली होती. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी उरलेल्या जुन्या चिताऱ्याकडून ती शिकून घेतली, नव्या मुलामुलींना शिकवली आणि राजवाड्यातच काम सुरू केलं. २०२४ मध्ये सावंतवाडीच्या गंजिफ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. हे कळल्यावर, खाली मान घालून बोटभर पत्त्यावर नृसिंहाची आयाळ रंगवणाऱ्या ताईंकडे आम्ही किती तरी वेळ नुसते बघत उभे राहिलो. मुलांसोबत जाणार असाल तर या दालनासाठी निदान दीड तास हाताशी ठेवा. आणि राजवाडा कधी उघडा असतो ते आदल्या दिवशी विचारून घ्या.

तिथून चितारआळी पायी गाठता येते. रंगीत लाकडी खेळण्यांची दुकानं एकाला एक लागून: भोवरे, भातुकली, पाट, आणि ती सुप्रसिद्ध लाकडी फळं. आंबा, सीताफळ, केळी, फणस, वांगं, मिरची. ही फळं पूर्वीपासून पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची करतात, म्हणून हातात घेतल्यावर दिसतात त्यापेक्षा फार हलकी लागतात. सासूबाईंच्या लग्नाच्या रुखवतात असाच संच होता. त्यांनी दुकानात प्रत्येक फळ उचलून पाहिलं आणि शेवटी नातवासाठी भातुकली घेतली. मुलगा म्हणून त्याने भातुकली खेळू नये असं त्यांना मुळीच वाटत नाही, याचा मला फार आनंद झाला. पहिल्याच दुकानात खरेदी उरकू नका, आळीच्या टोकापर्यंत जाऊन या. जिथे मागच्या बाजूला काम चालू असेल तिथे बघू का म्हणून विचारा. आम्हाला कुणीही नाही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सोनुर्ली. श्री देवी माऊलीची ही जत्रा लोटांगणांची जत्रा म्हणून ओळखली जाते. नवस फेडायला आलेले भाविक रात्री देवळाभोवती लोटांगण घालतात. पुरुष जमिनीवर लोळत, बायका उभ्याने. मुंबईचे चाकरमानी, गोव्याची, कर्नाटकातली माणसं, सगळी येतात. गर्दी खूप असते, म्हणून लहान मुलांना घेऊन आम्ही दुपारीच दर्शन घेतलं आणि अंधार पडताना परत निघालो. मुलांच्या खिशात आमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवली होती. गाडी लांब लावावी लागते, त्यापेक्षा एसटी सोयीची. जत्रेत खाजा आणि खटखटे लाडू घ्या, आल्याच्या वासाचा ताजा खाजा घरी पोचेपर्यंत उरत नाही. लोटांगणं बघायला रात्री मी आणि नवरा परत गेलो, मुलं आजीजवळ झोपली होती. त्या रात्रीबद्दल एवढंच सांगते की मी कॅमेरा पिशवीतून काढला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मुलांना झोपवलं आणि रात्री जवळच्याच एका छोट्या गावच्या जत्रेला सगळे गेलो. सोबत चटई, शाली, पाण्याच्या बाटल्या, सुटे पैसे. हे सगळं लागतंच. नोव्हेंबरात मध्यरात्रीनंतर तिथे चांगला गारठा पडतो. निघण्याआधी सगळ्यांनी स्वच्छतागृहात जाऊन या, कारण देवळाजवळ सोय असेलच असं नाही.

दशावताराचं नाटक सुरू व्हायच्या आधीच आम्ही पोचलो, आणि तेच बरं झालं. देवळाच्या बाजूला नट आपापली पेटी उघडून, छोट्या आरशात बघत स्वतःच रंग लावत होते. मुलीच्या डोळ्यांदेखत मिशा काढलेले एक काका नऊवारी नेसून राणी झाले. ती तोंड उघडं ठेवून बघत राहिली. फोटो काढू का असं तिने विचारल्यावर राणीने मान डोलावली आणि मुकुट नीट करून घेतला.

आधी गणपती आला, रिद्धी-सिद्धी, सरस्वती आली. मग वेद चोरणारा संकासुर, काळ्या वेशात, मालवणीत बोलणारा. मुलगा पहिल्यांदा माझ्या पदरात शिरला, आणि पाच मिनिटांत खदाखदा हसायला लागला. मालवणी त्याला येत नाही, पण त्याचं काही अडलं नाही. पुढे मुख्य आख्यान. हातात लिहिलेली संहिता नाही, संवाद उभ्या उभ्या सुचतात, आणि पेटी, मृदंग आणि झांज त्यांना बरोबर उचलून धरतात. दोन राजांचं युद्ध सुरू झालं तेव्हा पहिल्या रांगेतली गावातली मुलं सरकून आमच्या मुलांना जागा करून देत होती.

दोनच्या सुमारास मुलगा झोपला. सासूबाई मात्र हलायला तयार नव्हत्या. लहानपणी आजोळी वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिलेला काला, म्हणजे हाच दशावतार, त्यांना साठ वर्षांनी पुन्हा दिसत होता. आम्ही थांबलो. उजाडताना हंडी फुटली आणि दहीकाल्याचा प्रसाद हातावर आला. मुलीला उठवलं, तिने डोळे न उघडताच तो खाल्ला. रिक्षावाले दादा ठरल्याप्रमाणे देवळाच्या पायऱ्यांशी उभे होते.