हौसेचं मोल

रविवार, रात्रीचे अकरा

गोल्फमध्ये प्रो, म्हणजे व्यावसायिक, व्हायचा अर्ज समोर पडलाय. नाव, जन्मतारीख, हँडिकॅप (खेळाच्या पातळीचा आकडा) सगळं भरून झालं, सही तेवढी राहिली. ती केली की प्रोंच्या स्पर्धांत माझ्या नावापुढे कंसात येणारा तो ‘ए’ जाईल. ‘ए’ म्हणजे अमॅच्युअर, आपल्या भाषेत हौशी.

हे का करतेय, ते आज लिहून ठेवायचंय. उद्या कुणी विचारलं तर मी बहुतेक नीट सांगू शकणार नाही.

गेल्या महिन्यात इथेच, येरवड्याच्या कोर्सवर, प्रोंबरोबर तीन दिवस ५४ होल खेळले. शेवटच्या ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या हिरवळीवर, सहा फुटांचा पट (बॉल हलकेच होलमध्ये ढकलायचा फटका) उरला होता. मामा माझे कॅडी, बॅग उचलून सोबत चालणारे. ते वाकून, डोळे बारीक करून लाईन बघत नाहीत. ते बॉलपासून होलपर्यंत कडेकडेनं सावकाश चालत जातात. उतार तळपायाला कळतो म्हणतात. परत आले, टॉवेलच्या ओल्या टोकानं बॉल पुसला आणि माझ्या तळहातावर ठेवला. “ताई, डावी कड. आणि जरा दमानं.” बॉल होलमध्ये गेला. सातवा नंबर. मी त्यांच्याकडे बघितलं, तर ते आधीच झेंडा परत लावत होते.

टूरवर, म्हणजे प्रोंच्या स्पर्धांच्या मालिकेत, हौशी खेळाडूला बक्षिसाची रक्कम मिळत नाही. माझ्या नंबराचे पैसे मागच्या मुलीकडे सरकले. हा नियम मला लहानपणापासून पाठ आहे, त्यामुळे वाईट असं काही वाटलं नाही. कपडे बदलून बाहेर आले तेव्हा कॅडी मंडळी झाडाखाली चहा घेत होती. माझ्या मागे आलेल्या खेळाडूच्या कॅडीनं सगळ्यांना पाजला होता, त्याला बक्षिसातले त्याचे टक्के मिळणार होते. मामाही तोच चहा पीत होते. त्यांच्या खिशात तीन दिवसांची ठरलेली मजुरी आणि वर बाबांनी दिलेली एक नोट. तीन दिवस त्यांनी उतार त्या माणसापेक्षा चांगले वाचले होते, आणि चहा मात्र त्याचा.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी पैशांसाठी खेळत नाही, हे वाक्य मी किती अभिमानानं म्हणत आले! हौसेला मोल नाही म्हणतात. माझ्या हौसेचं मोल इतकी वर्षं मामांनी भरलं, आणि बाबांनी. बाबांची खर्चाची वही आहे: प्रवेश फी, गाडीभाडं, राहणं, बॉल, ग्लोव्ह, सगळं नावे बाजूला तारखेनिशी. जमा बाजूला त्यांनी आजवर फक्त चषक लिहिलेत. ‘चांदीचा बाऊल, दुसरा क्रमांक.’ आकडा नाही. ते पान बघून पूर्वी मला हसू यायचं.

२०१२ मध्ये न्यूझीलंडची लिडिया को पंधरा वर्षांची असताना कॅनेडियन विमेन्स ओपन ही प्रोंची स्पर्धा जिंकली. हौशी होती, म्हणून पहिल्या बक्षिसाचे तीन लाख डॉलर दुसऱ्या आलेल्या इन्बी पार्कला गेले. पुढच्या वर्षी तिनं तीच स्पर्धा पुन्हा जिंकली, तेव्हाही हौशीच. मग त्याच ऑक्टोबरमध्ये, सोळाव्या वर्षी, ती प्रो झाली. ही गोष्ट मी दहा वेळा तरी सांगितली असेल, दर वेळी लिडियाच्या मोठेपणाची म्हणून. तिची बॅग कुणी उचलली होती, त्याला काय मिळालं असेल, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

आपल्या अदिती अशोकचंही तेच मला आता वेगळं दिसतं. सतराव्या वर्षी मोरोक्कोत युरोपच्या टूरची पात्रता स्पर्धा जिंकून ती जानेवारी २०१६ मध्ये प्रो झाली. त्याच वर्षी रिओ ऑलिंपिकमध्ये तिची बॅग वडिलांच्या खांद्यावर होती, टोकियोत आईच्या. टोकियोत एका फटक्यानं ब्राँझ हुकलं, आणि ते मिळालं लिडिया कोलाच. सगळ्यांनी त्या एका फटक्याबद्दल लिहिलं. माझ्या मनात राहिली ती बॅग घेऊन चालणारी आई.

मला शिकवणारे सर म्हणतात, वर्षभर थांब. २०२२ पासून नियम सैल झालेत, हौशी खेळाडूलाही प्रायोजक घेता येतो. शिवाय प्रो झाले की क्वीन सिरिकिट कपसारख्या हौशी संघांच्या स्पर्धा मला बंद. भारताचा शर्ट घालून ती स्पर्धा खेळायची माझी फार इच्छा होती, ती आता राहूनच जाणार. त्याचं दुःख आहे, खोटं कशाला बोलू. परत हौशी व्हायचं तर अर्ज करून वाट बघत बसावं लागतं.

आणि भीती आहेच. प्रो झालं म्हणजे पैसे आले असं नाही. कट चुकला, म्हणजे शेवटच्या फेरीआधीच बाहेर पडावं लागलं, की हाती भोपळा, खर्च मात्र आठवडाभराचा झालेला. मामांच्या टक्क्यांचंही तेच, शून्याचे दहा टक्के शून्यच. म्हणून रोजची मजुरी तशीच राहील आणि टक्के त्याच्या वर. जगभरचा रिवाज साधारण जिंकल्यावर दहा टक्के, पहिल्या दहात सात, एरवी पाच असा आहे. तेवढेच द्यायचे, कमी नाही. बाबांना जेवताना सांगितलं तर ते काहीच बोलले नाहीत. उठून वही आणली, जमा बाजूचं नवं पान काढलं आणि पट्टीनं आकड्यांचा रकाना आखला.

सही केली.

उद्या साडेसहाला पहिला फटका. मामांशी टक्क्यांचं बोलणं त्याच्या आधी उरकायला हवं. एकदा बॅग खांद्यावर घेतली की ते दुसरं काही ऐकून घेत नाहीत.