साडेआठ म्हणजे दुपारचे दोन

नागपूरच्या धरमपेठेतल्या एका स्थापत्य सल्लागार कार्यालयात मी सर्व्हर सांभाळतो. मे महिन्यातल्या एका दुपारी ४ वाजून ४० मिनिटांनी अंदाजपत्रके करणाऱ्या ताई माझ्या टेबलाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "भाऊ, उद्याच्या निविदेची शीट गेली." २ वाजून ५० मिनिटांनी कोरा नमुना त्याच नावाने सेव्ह झाला होता आणि तेव्हापासून त्या कोणाला न सांगता लोखंडाची, काँक्रीटची परिमाणे आठवून पुन्हा भरत बसल्या होत्या.

आमच्या स्टोरेजवर झेडएफएस ही फाइल-प्रणाली आहे. दर तासाला स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणी सगळ्या फाइली जशा होत्या तशी गोठवलेली प्रत, निघतो आणि असे शेवटचे सहाच ठेवले जातात. ते ज्या फोल्डरमध्ये असतात तो लपवलेल्या फाइलींच्या यादीतही दिसत नाही, नाव टाइप करूनच आत जावे लागते. मी आत गेलो तेव्हा साहेब मागे उभे होते. पडद्यावर ०५.३० पासून १०.३० पर्यंत सहा नावे होती. "साडेदहानंतर बंदच पडलंय हे. सगळा व्हॉल्यूम तिथे रोलबॅक करा," ते म्हणाले. म्हणजे स्टोरेजवरच्या सगळ्याच फाइली त्या वेळच्या स्थितीत मागे न्यायच्या.

ही नावे ग्रीनिच वेळेतली असतात, आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे. १०.३० म्हणजे दुपारचे चार, आणि त्या वेळच्या स्नॅपशॉटमध्ये जुनी शीट नव्हतीच. रोलबॅक केला असता तर ताईंची शीट परत आली नसतीच, वर चारनंतरचे सगळ्यांचे काम पुसले गेले असते. एका फाइलसाठी असा हुकूम इतक्या सहज निघतो, याचा मला अजून राग येतो.

मी ०८.३० चा, म्हणजे दुपारी दोनचा, स्नॅपशॉट उघडला. स्नॅपशॉट फक्त वाचता येतो, त्यात काही बिघडवता येत नाही. म्हणून फाइल मूळ तारीख-वेळेसह बाहेर कॉपी केली आणि चालू शीटवर न टाकता वेगळ्या नावाने ठेवली, कारण ताईंनी पुन्हा भरलेले आकडेही जपायचे होते. त्यांनी लोखंडाच्या वजनाची बेरीज वहीतल्या आकड्याशी ताडून पाहिली, ती जुळली. दोन ते दोन-पन्नासमधले काम तेवढे पुन्हा करावे लागले.

"मी उद्या सकाळी सांगणार होते," ताई जाताना म्हणाल्या. स्नॅपशॉट किती तास टिकतात, हे मी कार्यालयात कोणालाच सांगितले नव्हते. त्या संध्याकाळी मी मुद्दाम थांबलो. आठच्या ठोक्याला यादीत १४.३० आले आणि ०८.३० गेले.