रात्री काही खाल्लं नाही, मग सकाळी शुगर वाढली कशी?

ज्या ज्या घरात ग्लुकोमीटर आलाय तिथे हा प्रश्न हमखास ऐकू येतो. आमच्या मावशीचा तर ठरलेला आहे, "अगं रात्री एक भाकरी नि दोडक्याची भाजी, त्यानंतर पाणी सोडून काही नाही, झोपताना १२८ होती आणि सकाळी बघते तर १४६! झोपेत मला कोणी साखर भरवली की काय?"

हो, भरवली ना. लिव्हरने भरवली.

आपल्या डोक्यात पक्कं बसलंय की साखर फक्त तोंडातून आत जाते. आता जरा हिशोब बघा. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं, शुगर ९० आहे म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ९० मिलिग्रॅम ग्लुकोज, म्हणजे सगळ्या रक्तात मिळून साडेचार ग्रॅम. चहाचा एक चमचा, बस एवढंच! आणि एकटा मेंदू दिवसाला १२० ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज फस्त करतो, म्हणजे तासाला ५ ग्रॅम, आपण घोरत पडलेले असलो तरी. रक्तातल्या तांबड्या पेशींचे नखरे वेगळेच, त्यांच्यात मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतल्या इंधन जाळायच्या भट्ट्या, नसतातच, त्यामुळे त्यांना ग्लुकोजशिवाय दुसरं काही चालतच नाही. म्हणजे मागून कोणी भर घातली नाही तर रक्तातली साखर तासाभरात संपेल.

ही भर लिव्हर घालतं. जेवणानंतर त्याने १०० ग्रॅमच्या आसपास साखर ग्लायकोजेन करून साठवलेली असते, ती रात्रभर थोडी थोडी सोडतं, आणि साठा उतरायला लागला की लॅक्टेट, अमिनो आम्लं असल्या मालापासून नवीन ग्लुकोज बनवतं. स्नायूंकडे याच्या कितीतरी पट साठा असतो पण तो रक्ताच्या कामाचा नाही, कारण साखर पेशीबाहेर सोडायला जे एन्झाइम लागतं ते स्नायूंकडे नसतंच. त्यांचं त्यांच्यापुरतं.

मग किती सोडायची ते कोण ठरवतं? स्वादुपिंडात पेशींचे बारीक पुंजके असतात, पॉल लँगरहान्स नावाच्या जर्मन विद्यार्थ्याने १८६९ मध्ये ते पहिल्यांदा नोंदवले. त्यातल्या अल्फा पेशी ग्लुकागॉन सोडतात, म्हणजे लिव्हरला 'सोड', आणि बीटा पेशी इन्सुलिन सोडतात, म्हणजे 'थांब'. मला तर बीटा पेशीचं भारी कौतुक वाटतं, कारण साखर मोजायला तिच्याकडे वेगळं मीटर नाही, ती सरळ ग्लुकोज आत घेते आणि जाळते. रक्तात साखर जास्त तर आत जास्त येते, जास्त जळते, एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) वाढतं, त्याने पोटॅशियमच्या वाटा बंद होतात, मग कॅल्शियम आत घुसतं आणि तयार ठेवलेल्या इन्सुलिनच्या पुड्या बाहेर रिकाम्या होतात. हे सगळं काही मिनिटांत! आणि ते इन्सुलिन आधी पोचतं ते थेट लिव्हरमध्येच, बाकी अंगाला नंतर.

इन्सुलिन म्हणजे पेशीच्या दाराची किल्ली असं सगळीकडे सांगतात, मला ते अर्धवट वाटतं, कारण स्नायूच्या पेशीत बरीचशी दारं मुळात आत ठेवलेली असतात. इन्सुलिन बाहेरून निरोप देतं, मग ती वर येऊन भिंतीला बसतात. या दारांना ग्लूट-४ म्हणतात. आणि गंमत म्हणजे स्नायू हलला की ही दारं इन्सुलिनशिवायसुद्धा वर येतात, त्यामुळे जेवल्यावर शतपावली घाला म्हणणारी आपली म्हातारी माणसं अगदी बरोबर होती (शंभरच पावलं मात्र कमी पडतील).

आता पहाट. साधारण तीन-चारपासून अंगात कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हार्मोन वर असतात, उठायची तयारी, आणि दोघंही साखर वाढवण्याच्या बाजूचे. ज्याला डायबेटिस नाही त्याच्या बीटा पेशी तेव्हाच थोडं जास्त इन्सुलिन सोडतात, विषय संपला. टाइप २ डायबेटिसमध्ये एकतर तेवढं इन्सुलिन निघत नाही, आणि जे निघतं त्याचं लिव्हर धड ऐकत नाही, ते आपलं साखर सोडतच बसतं. मेटफॉर्मिनची गोळी मुख्यतः इथेच काम करते, लिव्हरचं हे साखर बनवणं कमी करते.

म्हणून "सकाळची जास्त आली ना, मग आज रात्री जेवतच नाही" याने फार काही साधत नाही, लिव्हरचा कारखाना तसाही चालूच राहणार. उलट इन्सुलिनचं इंजेक्शन किंवा इन्सुलिन वाढवणारी गोळी चालू असेल तर उपाशी झोपल्यावर मध्यरात्री शुगर धाडकन खाली येऊ शकते, घाम, थरथर, धडधड, आणि ते सकाळच्या १४६ पेक्षा कितीतरी वाईट. जेवण कमी करायचं का गोळीची वेळ बदलायची ते डॉक्टरांना विचारा, आणि जाताना रात्रीचं नि सकाळचं अशी दोन्ही रीडिंग लिहून न्या, नुसत्या सकाळच्या आकड्यावरून त्यांनाही कळत नाही की साखर रात्रीच्या जेवणाची आहे का पहाटेची.